शक्ती नसलेल्या सुपरहिरोची बाजू

विज्ञान दिनानिमित्त खडकीतील एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांशी बोलण्यासाठी गेलो होतो. विषय गुरुत्वाकर्षणाचा ठरला होता. दहा मिनिटांत मुलांनी तो सुपरहिरोंच्या चित्रपटांवर नेला. इमारतीवरून पडणाऱ्या माणसाला उडत्या नायकाने जमिनीजवळ अलगद झेलले तर तो माणूस वाचेल का, असा एका मुलीचा प्रश्न होता. फळ्यावर गणित मांडले. समजा माणूस ८० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पंचविसाव्या मजल्यावरून पडला. हवेचा रोध सोडून दिला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर होतो. नायकाने त्याला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवले तर थांबतानाचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या किती पट असेल? उत्तर काढायला सूत्रसुद्धा लागत नाही. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, म्हणजे १६० पट. नायकाचे हात आणि सिमेंटचा रस्ता यांत त्या माणसाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

मुले हसली. कार्यक्रमानंतर चहा घेताना विज्ञानाच्या बाईंनी मात्र मला अडवले. "सर, प्रत्येक चित्रपटातल्या चुका काढून दाखवणे सोपे आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने आवर्जून पाहावा असा यांतला एक तरी चित्रपट सांगा ना." मी 'भावेश जोशी सुपरहिरो' हे नाव घेतले. बाईंनी ते ऐकले नव्हते. शेजारचे एक शिक्षक म्हणाले, "तो तर पडला होता ना?"

हो, पडला होता. विक्रमादित्य मोटवाने दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहांतून लवकरच गेला. परीक्षणे संमिश्र होती. त्याला नावे ठेवणाऱ्यांचे आक्षेप साधारण तीन होते. एक, चित्रपट फार लांब आहे. दोन, यातल्या नायकाकडे कसलीच शक्ती नाही, मग तो सुपरहिरो कसला? तीन, ज्यासाठी तो लढतो ती गोष्ट अगदीच किरकोळ आहे. पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. उरलेले दोन मात्र विज्ञानाच्या नजरेने तपासून पाहण्याजोगे आहेत, कारण ज्यांना दोष म्हटले गेले तीच माझ्या मते या चित्रपटाची बलस्थाने आहेत.

आधी कथा थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारलेले मुंबईचे तीन तरुण मित्र डोक्यावर कागदी पिशव्या चढवून नागरी बेशिस्तीला जाब विचारू लागतात आणि त्याच्या चित्रफिती लोकांना दाखवतात. झाडे तोडणारे, सिग्नल मोडणारे असे त्यांचे 'शत्रू'. पुढे उत्साह ओसरतो. सिकंदर ऊर्फ सिकू नोकरीला लागतो आणि परदेशी जाण्याच्या तयारीत असतो. भावेश एकटाच चिकाटीने काम करत राहतो. पालिकेच्या जलवाहिनीतून पाणी चोरून ते टँकरने विकणाऱ्या टोळीचा माग काढताना त्याचा जीव जातो. त्यानंतर सिकू मुखवटा चढवतो.

शक्ती कुठून येते?

आता दुसरा आक्षेप पाहू. बहुतेक सुपरहिरोपटांत ऊर्जा फुकट मिळते. नायक इमारत उचलतो, पण ती ऊर्जा त्याने कुठून आणली हे कोणी विचारत नाही. तो ठोसा मारतो, पण प्रतिक्रियेचे बल त्याला मागे ढकलत नाही. न्यूटनचा तिसरा नियम चित्रपटगृहाच्या दारात चपलांसारखा काढून ठेवावा लागतो. यात गंमत आहे, ती मीही लुटतो. पण अशा कथेत नायकाच्या कोणत्याही कृतीला किंमत उरत नाही, आणि जिथे किंमत नाही तिथे धैर्यही नसते. ज्याला गोळी लागूच शकत नाही त्याने गोळीसमोर उभे राहण्यात कसले आले शौर्य?

'भावेश जोशी'त सगळ्याची किंमत मोजली जाते. सिकू मार खातो आणि तो मार त्याच्या अंगावर दिसतो. तो धडपडतो, धापा टाकतो, चुकतो. रात्रीच्या मुंबईतला मोटारसायकलचा लांबलचक पाठलाग आठवून पाहा. त्यात दुचाकीला वजन आहे आणि रस्त्याला घर्षण आहे. वळणावर गाडी निसटेल ही भीती आपल्यालाही वाटते, कारण तिथे निसर्गनियम रजेवर गेलेले नाहीत. ज्यांना हा नायक 'कमकुवत' वाटला त्यांनी अक्षय्य ऊर्जेच्या नायकाची फूटपट्टी त्याला लावली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मात्र वेगळाच आहे. ऊर्जा निर्माण होत नाही, ती कुठून तरी घ्यावी लागते. हा नायक ती स्वतःच्या हाडामांसातून घेतो.

पाव टक्का म्हणजे किती?

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. जग वाचवायचे सोडून हा नायक नळाच्या पाण्यासाठी काय भांडतो, असे अनेकांना वाटले. मुंबईच्या पाण्याचा हिशेब मांडला की हे 'किरकोळ' प्रकरण केवढे आहे ते कळते.

विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) हे मुंबईचे जुने जलस्रोत. पुढे वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा यांची भर पडली आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण आले. वैतरणेवरच्या १९५७ सालच्या जलाशयाला 'मोडक सागर' म्हणतात, ते मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावावरून. शंभरेक किलोमीटरवरून येणारे हे पाणी बऱ्याच अंतरापर्यंत केवळ उताराने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बळावर वाहते. खऱ्या जगातला सुपरहिरो शोधायचा झाला तर मी मोडकांसारख्या अभियंत्याचे नाव घेईन. त्यांना उडता येत नव्हते, पण पाणी कुठून कुठे वाहील हे त्यांना ठाऊक होते.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवले जाते. एका मोठ्या टँकरमध्ये १० हजार लिटर मावतात असे धरले, तर हे ३ लाख ८५ हजार टँकर झाले. समजा कोणी रोज एक हजार टँकर चोरले. (हा आकडा मी केवळ गणितासाठी घेतला आहे.) चोरी झाली एक कोटी लिटरची, म्हणजे एकूण पुरवठ्याच्या जेमतेम पाव टक्क्याची. जिथे गळती आणि बेहिशेबी पाणी मिळून पुरवठ्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते, तिथे हा पाव टक्का कोणाच्या नजरेस पडणार? प्रयोगशाळेत आम्ही म्हणतो की मोजमापातील त्रुटी संकेतापेक्षा मोठी असेल तर संकेत हरवतो. पाणीचोराचे सर्वांत सुरक्षित लपण्याचे ठिकाण म्हणजे ही त्रुटीच.

आता हाच पाव टक्का दुसऱ्या बाजूने पाहा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर हा निकष धरतात. एक कोटी लिटरला १३५ ने भागा. उत्तर ७४ हजारांच्या वर येते. म्हणजे एका लहानशा शहराच्या तोंडचे पाणी गेले आणि ताळेबंदात ते दिसलेसुद्धा नाही. जग नष्ट करणाऱ्या परग्रहवासीयांपेक्षा हा खलनायक मला अधिक भीतिदायक वाटतो, कारण तो शक्य आहे. ही भूमिका निशिकांत कामत यांनी केली, हाही एक योगच. २००५ मध्ये 'डोंबिवली फास्ट' दिग्दर्शित करून व्यवस्थेशी एकट्याने झुंजणारा माधव आपटे मराठी पडद्यावर आणणारे ते हेच कामत. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्गातला प्रयोग

पाणीचोरीने केवळ पाणी कमी होते असे नाही. हे वर्गात दाखवता येते. टेबलावर बादली ठेवा. तिच्यातून एक लांब, बारीक प्लास्टिकची नळी वक्रनलिका पद्धतीने खाली आणा. ठिबक सिंचनाचे दोन जोड वापरून वाटेत दोन फाटे काढा. आधी दोन्ही फाटे बंद ठेवून शेवटच्या तोंडातून मिनिटाला किती पाणी येते ते मोजपात्रात मोजा. मग पहिला फाटा उघडा आणि पुन्हा मोजा. शेवटची धार बारीक झालेली दिसेल. ज्या घराचा नळ सर्वांत टोकाला आहे त्याची ही दशा.

आता नळीचे शेवटचे तोंड रंगीत पाण्यात बुडवा आणि पहिल्या फाट्याला मोठी पिचकारी जोडून झटक्याने ओढा. रंगीत पाणी नळीत उलटे वर चढेल. जलवाहिनीला पंप लावून पाणी खेचले की तिच्यातला दाब असाच घटतो, आणि जिथे तडा असेल तिथून भोवतीचे घाण पाणी आत शिरू शकते. चोरी एका टोकाला होते आणि कावीळ, अतिसार दुसऱ्या टोकाला. हा प्रयोग पाहिलेली मुले या चित्रपटाचा विषय किरकोळ म्हणणार नाहीत.

मर्यादा आणि एक कबुली

चित्रपटात उणिवा आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. सुमारे अडीच तासांच्या लांबीत मधला भाग रेंगाळतो. स्त्री-पात्राला फारसे काम नाही. हिंसा बरीच आहे, त्यामुळे तो मुलांना सरसकट दाखवावा असे मी म्हणणार नाही. शिक्षकांनी स्वतः पाहावा आणि त्यातले प्रश्न वर्गात न्यावेत. शिवाय मुखवटा चढवून कायदा हातात घेणे हा पाणीचोरीवरचा उपाय नव्हे. जागोजागी प्रवाहमापक बसवणे, त्यांची नोंद उघड ठेवणे आणि ती नागरिकांनी तपासणे हा उपाय आहे. आंदोलनाने नायकांना भारून टाकणाऱ्या अण्णा हजारे यांचे नाव आधी झाले ते राळेगणसिद्धीच्या पाणलोटाच्या कामामुळे. त्या कामाला मुखवटा लागला नव्हता, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याची समज आणि गावाची एकजूट लागली होती.

तरीही मी या चित्रपटाची बाजू घेतो, याचे आणखी एक कारण आहे. सिकूला पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी हवी असते. तो भावेशपासून लपवून लाच देतो. रक्कम फार मोठी नाही. पण मित्रांमधली पहिली भेग तिथे पडते, आणि कथा ज्या शोकांतिकेकडे जाते त्या वाटेवर हे पाऊलही आहे. पीएच.डी.नंतर संशोधनासाठी परदेशी निघालो तेव्हा मीही एका कागदासाठी, एका कचेरीत, पाकीट सरकवले होते. विमानाची तारीख जवळ आली होती, आणि एवढ्याने काय बिघडते, असे मी स्वतःला सांगितले होते. म्हणजे मीही माझा पाव टक्का मोजमापाच्या त्रुटीत लपवला होता. इमारती उचलणाऱ्या एकाही नायकाने मला याची आठवण करून दिली नव्हती.

महिन्याभराने त्या शाळेतल्या बाईंचा दूरध्वनी आला. झेलण्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने शाळेतल्या एका गळक्या नळाखाली मोजपात्र धरले होते. मिनिटाला ५० मिलिलिटर. गुणाकार करून तिने लिहिले होते, दिवसाला ७२ लिटर, म्हणजे एका माणसाच्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक. तो कागद तिने मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, खाली स्वतःचे नाव आणि तुकडी लिहून.