'घोटी'चा मासा आणि 'पांच'वरचं टिंब

आपल्या मराठी मंडळाच्या जेवणात इंग्रजी स्पेलिंगचा विषय निघाला की एक विनोद हमखास येतो. जी-एच-ओ-टी-आय, उच्चार काय? आपण म्हणतो 'घोटी', इगतपुरीजवळचं. सांगणारा म्हणतो, 'फिश'! 'टफ'मधल्या जीएचचा फ, 'विमेन'मधल्या ओचा इ, 'नेशन'मधल्या टीआयचा श. हशा पिकतो आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "आपली मराठी बघा, जसं बोलतो तसंच लिहितो." बाजूला जेवत बसलेली, इथेच जन्मलेली मुलं ते ऐकत असतात.

तुम्हीही हा विनोद कधीतरी सांगितला असेल. मी तर अनेकदा सांगितला आहे. आज तो जरा तपासून बघू या.

आधी त्याचं पितृत्व. तो बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो, पण १८५५ सालच्या एका पत्रात तो सापडला आहे आणि शॉचा जन्म १८५६चा. दुसरं म्हणजे विनोद म्हणूनही तो लबाड आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जीएच आलं तर त्याचा फ कधीच होत नाही, 'घोस्ट'सारखा गच होतो. टीआयचा श व्हायला पुढे 'नेशन'सारखा स्वर लागतो, शब्दाच्या शेवटी तो होत नाही. म्हणजे इंग्रजीला नियम नाहीत हे सिद्ध करायला हा विनोद इंग्रजीचेच नियम मोडतो.

खरा आरोप करायचा तर ओ-यू-जी-एच या चार अक्षरांवर करावा. दो, थ्रू, टफ, कॉफ, बाउ, थॉट. सहा शब्द, चार अक्षरं तीच, आणि उच्चार सहा. पहिलीतल्या मुलाने यातून वाट कशी काढायची?

पण हा वेडेपणा नाही, त्याला इतिहास आहे. या शब्दांत पूर्वी घशातून काढलेला एक खरखरीत आवाज होता. स्कॉटलंडमधल्या 'लॉख'मध्ये किंवा जर्मन 'नाख्ट'मध्ये तो आजही ऐकू येतो. नॉर्मन आक्रमणानंतरच्या काळात लेखनिक तो 'जीएच' असा लिहू लागले. कॅक्स्टनने १४७६मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि पुढे छापील पुस्तकांबरोबर स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. त्याच सुमारास तो आवाज मात्र लोकांच्या तोंडून निसटत होता. 'थ्रू'मध्ये तो विरून गेला, 'टफ'मध्ये ओठांवर येऊन फ झाला. आधीचे स्वरही शब्दागणिक वेगळ्या वाटांनी गेले. अक्षरं तेवढी जागेवर राहिली.

आणि ती आपल्याला अगदी परकीही नाहीत. झाडाच्या फांदीला इंग्रजीत 'बाउ' म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ खांदा किंवा हात असाही होता. तो आणि आपला 'बाहू' एकाच मूळ शब्दातून आले. आपण जिथे ह म्हणतो तिथे त्यांचं मुकं जीएच उभं आहे. 'डॉटर' आणि 'दुहिता' यांचंही तसंच. 'नाइट'मधलं जीएच म्हणजे 'नक्त'मधला क. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायच्या व्रताला आपण नक्त म्हणतो, तेच हे नक्त.

आता आपल्याकडे वळू. 'जसं बोलतो तसंच लिहितो' हे खरं आहे का? मोठ्याने म्हणून बघा: चार, पाच. दोन्हींत च एकच, पण 'चार'चा च्य आणि 'पाच'चा त्स. 'चार गाईंना चारा चार' या वाक्यात पहिला 'चार' आणि शेवटचा 'चार' सारखेच लिहिले जातात, वाचले जातात वेगळे. 'जग सुंदर आहे' आणि 'तू जग' यांतही तेच. हा फरक आपल्याला कोणी शिकवला नाही, तो कानावर पडला. इथल्या मुलांच्या कानावर तो पुरेसा पडत नाही.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षांच्या एका मुलीने 'पाच'मधला च 'चार'सारखा वाचला. आम्ही मोठी माणसं हसलो, कौतुकानेच. पुढच्या रविवारी ती मोठ्याने वाचायला उभी राहिली नाही. तिने आमचाच नियम पाळला होता: दिसतं तसं वाचायचं.

गंमत म्हणजे पेशवाईतल्या कागदांत 'च्यार' असं लिहिलेलं सापडतं. पुढे लेखनातून य गेला. इंग्रजीत आवाज गेला आणि खूण राहिली; इथे आवाज राहिला आणि खूण गेली. 'पाच'चीही एक खूण होती. आजोबांची पत्रं जपली असतील तर काढून बघा, 'पांच' आणि 'नांव' दिसतील. त्या टिंबाचा उच्चार मराठीत उरला नव्हता, पण 'पञ्च'मधल्या ञची आणि 'नाम'मधल्या मची ती आठवण होती. आपलं जीएचच ते! १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६मध्ये 'दो' आणि 'थ्रू'मधलं जीएच सरकारी छपाईतून काढायचा हुकूम दिला, तेव्हा काँग्रेसने तो हाणून पाडला. 'शिकागो ट्रिब्यून'ने १९३४पासून असंच आखूड स्पेलिंग चालवून पाहिलं आणि १९७५मध्ये सोडून दिलं. म्हणजे त्यांना जमलं नाही ते आपण केलं, आणि शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ते बरंच केलं असं माझं मत आहे. पण म्हणून ज्यांनी टिंब ठेवलं त्यांना हसण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

तेव्हा पुढच्या जेवणात 'घोटी' निघाली तर तुम्ही 'चार गाईंना चारा चार' हे वाक्य कागदावर लिहा आणि मुलांना वाचायला द्या. चुकलं की हसू नका. सांगा, 'हे अक्षर दोन आवाजांचं आहे, ऐकून ऐकून येतं.' 'टफ' आणि 'दो' ती शाळेत अशीच शिकली आहेत. आपल्या च-ज साठीही ती तेवढी मेहनत घेतील, फक्त मराठीत असं काही शिकायचंच नसतं, असं त्यांना आधी सांगून ठेवू नका.