एका वास्तूचे दोन खर्डे : मॅकिंटॉशचे ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट

लेखकाच्या विचारातील स्थित्यंतरांचा मागोवा घेताना समीक्षकाच्या हाताशी हस्तलिखिते, आवृत्त्या आणि पाठभेद असतात. वास्तुकाराच्या बाबतीत ही सोय क्वचितच लाभते. इमारत एकदा उभी राहिली की तिचा दुसरा खर्डा सहसा होत नाही. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८) याने घडविलेली ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची वास्तू हा या नियमाचा विलक्षण अपवाद होय. १८९६ च्या स्पर्धेत हनीमन आणि केपी या संस्थेचा आराखडा निवडला गेला, तेव्हा मॅकिंटॉश तेथे केवळ सहायक होता. निधी अपुरा असल्याने १८९७ ते १८९९ या काळात पूर्वेकडील आणि मधला भागच बांधून झाला. पश्चिमेकडील भागाला १९०७ साल उजाडावे लागले. तो १९०९ मध्ये पुरा झाला. मधल्या दशकात सहायकाचा भागीदार झाला होता आणि अठ्ठाविसाव्या वर्षी आखलेली पश्चिम बाजू त्याने चाळिशीच्या उंबरठ्यावर नव्याने आखली. पहिला खर्डा न पुसता दुसरा त्याच्या शेजारी उभा राहिला.

निकोलाउस पेव्ह्स्नरने १९३६ च्या आपल्या ग्रंथात मॅकिंटॉशला आधुनिक वास्तुकलेच्या पूर्वसूरींत स्थान दिले. तेव्हापासून या वास्तूकडे अलंकरणाकडून शुद्ध रचनेकडे झालेला प्रवास म्हणून पाहण्याची रीत रूढ झाली. ही मांडणी सोयीची आहे, पण इमारत तिला साथ देत नाही. रेनफ्र्यू स्ट्रीटवरील उत्तर दर्शनी भागात चित्रशाळांच्या प्रचंड खिडक्या आहेत : प्रवेशद्वाराच्या एका बाजूस तीन, दुसऱ्या बाजूस चार, त्याही सारख्या रुंदीच्या नाहीत. उपयुक्ततेचा इतका निःसंकोच स्वीकार ‘आरंभीच्या’ आराखड्यातच आहे, आणि १९०७ मध्ये मॅकिंटॉशने त्याला जवळजवळ हात लावलेला नाही. तरुणपणीचे हे वाक्य त्याने होते त्याच लयीत पुरे केले. आमूलाग्र बदल झाला तो पश्चिम टोकाला. पूर्वेची भिंत जुन्या स्कॉटिश गढीची आठवण देते. जाड दगडी पृष्ठभागात खिडक्या जणू गरजेपुरत्या कोरलेल्या. पश्चिमेला मात्र तीन अरुंद, उंचच उंच खिडक्या उताराच्या रस्त्यावरून सरळ वर चढतात. तेथे भिंत प्रकाशाला वाट देण्यासाठीच उभी आहे, असे वाटू लागते.

त्या खिडक्यांमागे ग्रंथालय होते. सुमारे ३५ फूट चौरस दालन, त्यात गडद लाकडी खांब आणि सभोवार सज्जा. सज्जा खांबांपर्यंत आणणे सहज शक्य होते. मॅकिंटॉशने तो मागे घेतला, खांब मोकळे सोडले आणि दोहोंना आडव्या तुळयांनी जोडले. या माघारीमुळे निर्माण झालेल्या अंतरातच त्याने खाचा पाडलेले, रंगांचे ठिपके ल्यालेले छोटे दांडे बसविले. म्हणजे अलंकरण मुळीच कमी झाले नाही; त्याचे स्थान बदलले. उत्तरेच्या खिडक्यांपुढील लोखंडी कंसांची टोके फुलासारखी वळलेली आहेत. हे कंस खिडक्या पुसणाऱ्याच्या फळीलाही आधार देतात, परंतु तेथील फूल हे उपयुक्त वस्तूच्या टोकाला उमललेले फूल आहे. ग्रंथालयात सांधाच अलंकार होतो. विकास म्हणायचाच, तर तो या संबंधाच्या पालटात शोधायला हवा. नक्षी किती उरली याची मोजदाद करून तो सापडणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पश्चिम भिंतीवरील कोरे, गोलसर दगड पाहून अमूर्ततेचे गोडवे गाण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्यांतून मूर्ती कोरायच्या होत्या. ते काम राहून गेले. अपुरेपणाला अभिप्रायाचा दर्जा देणे ही केवळ साहित्यसमीक्षेचीच खोड नव्हे.

२३ मे २०१४ च्या आगीत हे ग्रंथालय नष्ट झाले. राखेतून वेचलेले अवशेष, रेखाटने आणि छायाचित्रे यांच्या आधारे ते पुन्हा घडविले जात असतानाच १५ जून २०१८ च्या रात्री लागलेल्या दुसऱ्या आगीने मुख्यतः दगडी भिंतीच मागे ठेवल्या. २०२१ मध्ये संस्थेने मूळ वास्तूशी प्रामाणिक अशा पुनर्निर्मितीला पसंती दिली. परंतु ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न या वास्तूच्या बाबतीत उपचारापुरता राहत नाही. मॅकिंटॉश स्वतःच्या आराखड्याशी प्रामाणिक राहिला असता, तर ही पश्चिम बाजू जन्मालाच आली नसती. बांधकाम चालू असताना निर्णय बदलणारा हात आता नाही. उरले आहेत ते त्या हाताने घेतलेले अंतिम निर्णय, आणि पुनर्निर्मात्याला त्यांतील एकही बदलण्याची मुभा नाही. नव्याने उभे राहणारे ग्रंथालय दांड्यांवरील खाचेपर्यंत अचूक असू शकेल. मात्र सज्जा खांबांपासून मागे घेण्यातला विचार त्यात पुन्हा घडणार नाही. तो तेथे उद्धृत होईल.