मालिका-कला आणि अनन्यतेचा प्रश्न

कलाकृती अनन्य असते, हे विधान मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की ही अनन्यता नेमकी कोठे वसते, असे सहसा कोणी विचारीत नाही. मर्ढेकरांच्या लयतत्त्वातील संवाद, विरोध आणि समतोल हे एकाच कलाकृतीच्या अंतर्गत घटकांमधील संबंध होत; चौकटीबाहेर त्यांना काम नाही. मालिका-कलेपुढे ही भूमिका अडखळते. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सुपाच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. त्यांत फरक जवळजवळ फक्त लेबलावरील सुपाच्या प्रकाराचा. येथे सुटे चित्र मुके असते. संवाद-विरोध घडतो तो चित्राचित्रांत. गंमत अशी, की अनन्यतेची थट्टा करणारी ही चित्रे आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एक संच, म्हणजे पुन्हा एकमेव वस्तू, म्हणून जपली जातात.

आपल्याकडील उदाहरण अधिक अवघड आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एका छापावर दुसरा छाप, आणि अशा असंख्य लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे वलय विरते व ती विधीपासून सुटते, असे वॉल्टर बेन्यामिनने १९३६ च्या निबंधात मांडले. येथे मात्र तैलचित्र पाहण्यासाठी राहिले आणि पूजा मिळाली ती छापाला. हिंगोली परिसरातील एखाद्या जुन्या देवघरात असे चित्र पाहावे: काचेवर कुंकवाची बोटे, धुराने काळवंडलेल्या कडा, साडीच्या काठावर कोणी हौसेने चिकटविलेल्या टिकल्या आणि जर. त्याच दगडावरची कोरी प्रत देऊ केली, तरी घरचे लोक ही बदलून देणार नाहीत.

ही अनन्यता लौकिक आहे, सौंदर्यात्मक नव्हे, असा आक्षेप अलौकिकतावादी घेईल. कुंकवापुरता तो मला मान्य आहे; ते भक्तीचे चिन्ह आहे. टिकल्यांचे तसे नाही. त्या कोठे लावायच्या, किती लावायच्या आणि कोठे थांबायचे, हे निर्णय कोणीतरी चित्राकडे पाहत घेतलेले असतात, आणि त्यांनी छापाची रंगसंगती बदलते. मर्ढेकरांचा समतोल येथे चित्रकाराने साधलेला नाही, छापणाऱ्यानेही नाही. तो साधणाऱ्या त्या अनामिक हाताला कर्ता म्हणावे, तर ‘एक कृती, एक कर्ता’ हे आपले समीकरणच सोडावे लागेल, आणि मला वाटते, ते सोडावे.