‘महाराष्ट्रधर्म’ आणि साष्टीची प्रजा : राजवाडे यांच्या उपपत्तीचा विचार

धर्ममतातून राज्य उत्पन्न होते की राज्य आपल्या सोयीचे धर्ममत निवडते, हा वाद मराठी इतिहासचिकित्सेत बव्हंशी ‘महाराष्ट्रधर्म’ या एका शब्दाभोवती झाला आहे. न्या. रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात संतांची चळवळ युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या पंक्तीस बसविली आणि स्वराज्याची भूमी भक्तिपंथाने नांगरून ठेविली होती असे प्रतिपादिले. राजवाडे यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते संतांचा धर्म सहिष्णु. राज्य उभारणारा धर्म जयिष्णु, आणि त्याचे प्रवक्ते रामदास. निष्कर्षांत एवढे अंतर असूनही दोघांचे गृहीत एकच आहे : आधी मत, मागून राज्य. प्रार्थनासमाजिस्ट रानड्यांना हा क्रम रुचावा यात नवल नाही. परंतु अन्नोत्पादनापासून समाजघटनेचा उलगडा करू पाहणाऱ्या राजवाड्यांनीही तो स्वीकारावा, हे विचार करण्याजोगे आहे.

या गृहीताची परीक्षा घेण्याचे साधन राजवाड्यांनीच उपलब्ध करून दिले. शके १८४६ त (इ. स. १९२४) त्यांनी संपादिलेली ‘महिकावतीची बखर’ ही उत्तर कोकणातील, म्हणजे माहीम, साष्टी, ठाणे या टापूतील, निरनिराळ्या काळी लिहिलेल्या प्रकरणांचा संग्रह आहे. त्यातील जुना भाग शके १३७० चा, म्हणजे रामदासांच्या जन्मापूर्वी सुमारे एकशेसाठ वर्षांचा. मालाडच्या नायकोरावास देवीचा दृष्टांत होतो, महाराष्ट्रधर्म राखण्याची आज्ञा मिळते, आणि केशवाचार्यांच्या मुखाने कुळांची हकीकत सांगितली जाते. येथे महाराष्ट्रधर्म म्हणजे काय? ग्रंथाचा सारा भर वंश, गोत्र, कुळे आणि वृत्ती यांवर आहे. कोण कोणाचा, कोणाची वृत्ती कोठली, कोणाचा आचार कोणता, हे विसरले जाऊ नये ही त्यामागील चिंता दिसते. राज्य गमावलेल्या समाजाने आपली ओळख जपण्यासाठी केलेली ती नोंद आहे. तिला जयिष्णु म्हणणे म्हणजे सतराव्या शतकाचा अर्थ पंधराव्या शतकावर लादणे होय. शब्दाचा असा प्रवास पुढेही थांबला नाही. राजवाड्यांची आवृत्ती निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ त, विनोबांनी वर्ध्याहून ‘महाराष्ट्र धर्म’ याच नावाचे मासिक सुरू केले होते. त्यांच्या मनातील धर्म राजवाड्यांचा खास नव्हता.

बखरीपेक्षा तिच्या प्रस्तावनेचीच चर्चा अधिक झाली, तीही उगाच नव्हे. राजे बदलत असता सामान्य प्रजा उदासीन का राहिली, हा त्या प्रस्तावनेतील प्रश्न मोलाचा आहे, आणि अन्नाच्या विपुलतेमुळे प्रजेस राज्यसंस्थेची निकड भासली नाही, हे त्याचे उत्तर निदान नवे तरी आहे. मात्र ते साष्टीस लावून पाहिले पाहिजे.

ठाण्याच्या उत्तरेस, खाडीकाठी, भिवंडीच्या वाटेवर असलेले बाळकुम घ्या. आगरी-कोळी वस्तीच्या या पट्ट्याने अडीचशे वर्षांत चार सत्ता पाहिल्या. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या राज्यात धर्मशास्त्र आणि शासन यांची फारकतच नव्हती : पोपने दिलेल्या अधिकाराने पूर्वेकडील चर्चचा आश्रयदाता पोर्तुगालचा राजा होता, बिशप त्याच्या शिफारशीने नेमले जात, आणि १५६० त गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनमागे राजसत्ता उभी होती. अशा राज्यात उदासीन राहण्याची मुभा प्रजेस कोठून असणार? राजा गावात न येवो, पाद्री येत असे. राजवाड्यांची उपपत्ती लटकी पडते ती येथे. जे राज्य केवळ सारा घेते त्याच्याविषयी उदासीन राहता येते. जे देवळास आणि बारशास हात घालते त्याच्याविषयी नाही.

१७३७ त मराठ्यांनी ठाणे घेतले, मे १७३९ त वसई पडली. रामदासी जयिष्णु धर्माची कसोटी पाहावयाची तर येथेच. प्रत्यक्षात चिमाजीअप्पांनी मान्य केलेल्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. विजयी राज्याने धर्ममताप्रमाणे नव्हे, तर सारा आणि शांतता यांच्या गरजेप्रमाणे तह केला. १७७४ अखेर साष्टी इंग्रजांनी घेतली, तोपर्यंत हे ख्रिस्ती तेथेच होते. मराठीची आपली बोली, जातीची जाणीव आणि कुळाचाराचे बरेचसे अवशेष त्यांनी धर्मांतरानंतरही टाकले नव्हते. पुढे गोव्याहून व मंगळूराहून मुंबईत नोकरीस आलेल्या ख्रिस्त्यांपासून वेगळेपण दाखविण्यासाठी त्यांनी १८८७ त, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. तेही धर्मग्रंथातून नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीशी असलेल्या आपल्या जुन्या संबंधाच्या आधारे. राजवाड्यांच्या जयिष्णु धर्मात या लोकांना जागा नाही, रानड्यांच्या भक्तिसंप्रदायातही नाही. नायकोरावास दृष्टांतात जो महाराष्ट्रधर्म राखण्यास सांगण्यात आला, तो कुळांची आठवण आणि आचार या अर्थी घेतला, तर त्यातील काही अंश त्यांच्या घरांतही राखला गेला होता असे म्हणावे लागते.