पार्लरमधल्या सहा जणी

रॉबर्ट हार्लिंग या अमेरिकन लेखकाची बहीण १९८५ साली मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेली. त्या दुःखातून त्याने ‘स्टील मॅग्नोलियाज’ हे नाटक लिहिले. १९८७ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. लुइझियाना राज्यातल्या एका लहान गावातले ब्यूटी पार्लर आणि तिथे जमणाऱ्या सहा बायका, एवढाच त्याचा पसारा. रंगमंचावर एकही पुरुष येत नाही. शेल्बी या तरुणीला मधुमेह आहे. डॉक्टरांचा सल्ला डावलून ती आई होते. पुढे तिची मूत्रपिंडे निकामी होतात. आई स्वतःचे मूत्रपिंड देते, तरी मुलगी वाचत नाही. मैत्रिणी त्या आईला सावरतात, तिला रडू देतात, रागावू देतात आणि शेवटी हसवतातही.

१९८९ साली हर्बर्ट रॉसने यावर चित्रपट केला. त्यातल्या सहाही जणी गोऱ्या होत्या. २०१२ साली केनी लिऑनने दूरदर्शनसाठी तीच कथा पुन्हा चित्रित केली. या वेळी क्वीन लतिफा, फिलिशिया रशाद, अल्फ्रे वुडर्ड अशा सहाही अभिनेत्री कृष्णवर्णीय होत्या. कथानक आणि बरेचसे संवाद मात्र मूळचेच राहिले.

आता प्रश्न असा, की याला प्रतिनिधित्व म्हणावे का?

एका अर्थाने निश्चितच म्हणावे. ज्या समाजातील स्त्रीला पडद्यावर वर्षानुवर्षे मोलकरीण म्हणूनच उभे केले गेले, तिला इथे नटण्याचा, थट्टा करण्याचा, विनाकारण रुसण्याचा हक्क मिळाला. सामान्य माणूस म्हणून दिसणे हेही मोठे मिळवणे आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कृष्णवर्णीय स्त्रीच्या केसांना स्वतःचा इतिहास आहे. केशप्रसाधनांच्या व्यवसायातून नावारूपाला आलेली मॅडम सी. जे. वॉकर १८६७ साली याच लुइझियानात जन्मली. अमेरिकेत मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. इतकेच नव्हे, तर रक्ततपासणीवरून मूत्रपिंडांची कार्यक्षमता काढण्याच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास आकडा वाढवून धरला जाई. त्यामुळे अनेकांची नावे प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत उशिरा लागली. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी हा वर्णाचा गुणक काढण्याची शिफारस केली. २०२३ पासून तिथल्या रुग्णालयांना अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त करून द्यावा लागला. सूत्राची ही चर्चा २०१२ साली सामान्य लोकांपर्यंत पोहोचली नव्हती, हे मान्य. तरी ज्या आजाराने शेल्बी जाते, तो तिच्या समाजात इतका का बोकाळला, हे त्या पार्लरमध्ये कुणीतरी विचारायला हवे होते. चित्रपटात त्याला फारशी जागा नाही. चेहरे बदलले, मरण मात्र जुन्या संहितेतलेच राहिले.

आपल्याला हा अनुभव अगदीच परका नाही. मराठी नाटक-सिनेमातला मुसलमान बहुधा शेजारचा प्रेमळ चाचा असतो, नाहीतर खलनायक. उद्या कुणी मराठी मैत्रिणींचे असेच नाटक लिहिले आणि त्यातल्या एकीचे नाव शबाना ठेवले, तर तेवढ्याने आपण समाधान मानायचे का? आपल्याकडे बाईच्या मय्यतीला गुस्ल बायकाच देतात. जिच्यासोबत आयुष्यभर पापड लाटले, लग्नघरी मेंदी काढली, तिच्या अंगावर शेवटचे पाणी घालायचे आणि कफन नेसवायचे. पुढे जनाजा पुरुषांच्या खांद्यावरून जातो आणि बायका घरातच थांबतात. मैत्री आणि मृत्यू याहून जवळ कुठे येत असतील?

शबानाला सर्वांसारखे हसू द्या, भांडू द्या. पण ती गेल्यावर तिच्या घरात जे घडते, तेही रंगमंचावर येऊ द्या. ते बाहेरचा कुणी लिहील याची वाट पाहण्यापेक्षा आपल्या लेखिकांनीच ते लिहायला घ्यावे. त्या पाण्याचा स्पर्श त्यांच्या हातांना ठाऊक आहे.