सिरेल उठली

शेजारच्या आजी मूळच्या नांदेडकडच्या. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी कुटुंबं माणिकगडच्या पहाडावर चढून आली आणि जिवतीच्या आसपास वसली, त्यांतलं एक त्यांचं. इतकी वर्षं झाली तरी बोली तिकडचीच राहिली आहे. एका संध्याकाळी साडेसातला त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. ही त्यांची टीव्हीची वेळ, म्हणून मी विचारलं, "आज टीव्ही नाही का लावला?" तर म्हणाल्या, "काय लावू सर? आमची सिरेल उठली की."

मी इंग्रजी शिकवतो, शब्द वेचण्याची सवय आहे. हा शब्द त्या रात्री झोपेपर्यंत डोक्यातून गेला नाही. बाजार उठतो, पंगत उठते, तशी सिरेल उठली. बाजार उठताना काय होतं ते इथं दर आठवड्याला दिसतं. उन्हं कलली की पालांच्या दोऱ्या सुटतात, उरलेले टमाटे ढिगाने जातात, काटा पोत्यात जातो आणि गुड्यांकडे, म्हणजे छोट्या वस्त्यांकडे, जाणारी काळीपिवळी टपावर ओझी घेऊन निघते. मैदान जागेवरच असतं, उठतात ती माणसं. आजींच्या त्या क्रियापदात मालिका म्हणजे जमून बसलेली माणसं होती. पडद्यावरची सून, तिची नणंद, तिचा अबोल दीर, आणि समोर घोंगडीवर बसलेल्या आजी. सगळी एकदम उठली.

त्याच आठवड्यात अभ्यासिकेतल्या एका मुलीने मोबाइलवरची इंग्रजी ओळ दाखवली. कुठलासा परदेशी शो 'हॅज बीन रिन्यूड फॉर अ थर्ड सीझन'. तिने विचारलं, "सर, रिन्यू म्हणजे रिचार्ज मारला का?"

प्रश्न फार जवळचा होता. पहाडावर मालिका पुढे चालणं हे डिशच्या रिचार्जवर असतं. मुदत भरली की सून रडता रडता गायब होते आणि पडद्यावर पैसे भरा अशी सूचना येते. रिन्यू या शब्दाच्या पोटातही मुदतच आहे. भाडेपट्टा, परवाना, विमा या गोष्टी रिन्यू होतात, आणि टीव्हीने शब्द तिथूनच उचलला. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात सरतं, आणि मे महिन्यातच जाहिरातदारांपुढे पुढच्या वर्षाची यादी मांडण्याची तिथली रीत आहे. त्याआधी जिचं काहीच ठरलेलं नसतं त्या मालिकेला तिकडे 'ऑन द बबल' म्हणतात. बुडबुड्यावर बसलेली. हे वर्गात समजावून सांगायला मला वेळ लागला नाही, कारण तसा बुडबुडा मुलांच्या घरीच होता. वनहक्क कायद्याने बिगरआदिवासींकडे तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागितला. दुष्काळानंतर आलेल्यांनी तो आणायचा कुठून? नांगर दरवर्षी चालतो, पट्ट्याचा कागद मात्र हातात नाही, अशा घरांतली मुलं माझ्यासमोर बसलेली होती.

आपल्याकडे एक मालिका लोकांनी भांडून पुढे चालवून घेतली, तेही त्यांना सांगितलं. रामानंद सागरांचं 'रामायण' दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. ठरलेले भाग ५२, होता होता झाले ७८, आणि ३१ जुलै १९८८ ला ते थांबलं. पण वाल्मीकींना आपलं मानणाऱ्या समाजाला त्यांच्या आश्रमातली लव-कुशांची कथा बघायची होती. पंजाबात सफाई कामगारांनी त्यासाठी संप केला, आणि पुढची कथा पडद्यावर आली. करारातल्या रिन्यूला इतकं रक्तामासाचं रूप आलेलं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

कॅन्सल हा शब्द मी फळ्यावर काढूनच दाखवतो. लॅटिनमध्ये कॅन्सेली म्हणजे जाळी, गजांचा कठडा. लेखनिकाला मजकूर बाद करायचा असला की तो त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढायचा, अक्षरांवर जाळी पडायची. नीट पाहिलं तर जाळीआडची अक्षरं वाचता येतात. अर्ध्यावर थांबवलेल्या कितीतरी मालिका प्रेक्षकांच्या मनात तशाच राहतात, जाळीआड पण वाचता येण्याजोग्या. हे चित्र मला फार सुंदर वाटतं, आणि रोज हा शब्द वापरणाऱ्यांच्या ते ध्यानातही नसतं याची हळहळ वाटते.

मराठीत मालिका सहसा 'रद्द' होत नाही. रद्द होतो तो नाटकाचा प्रयोग, रद्द होते ती गाडी. मालिका बंद होते, आणि इथं आपल्या भाषेची बारीक कारागिरी पाहावी. मालिका बंद केली, बंद झाली, बंद पडली. 'केली' म्हटलं की करणारा समोर उभा राहतो. वाहिनी, निर्माता, टीआरपीचे आकडे. 'झाली' ही नुसती खबर, तिच्यात कुणी कुणाला जाब विचारत नाही. 'पडली' मात्र वेगळीच. घाटात बस बंद पडते, विहिरीवरची मोटर बंद पडते. बंद पडण्यात बाहेरून कुणी हात लावलेला नसतो, आतलंच काही झिजलेलं असतं. रसिकाने "अहो, ती मालिका बंद पडली" एवढं म्हटलं तरी त्यात अख्खी समीक्षा येते, आणि तीही केवळ एका सहायक क्रियापदावर. इंग्रजीत एवढं सांगायला वाक्य वाढवावं लागतं.

वर्तमानपत्रं याहून मऊ बोलतात. 'मालिका घेणार प्रेक्षकांचा निरोप.' मला यातला निरोप आवडतो, कारण मराठीत निरोप घेणंही असतं आणि निरोप ठेवणंही. जाणारा माणूस निरोप घेतो, आणि "शेजारी निरोप ठेवून गेलाय" असंही आपण म्हणतो. एकाच शब्दात जाणं आणि मागे काही सांगून जाणं. कलाकाराला काढलं की त्याला 'नारळ दिला' म्हणतात, आणि त्याच मालिकेच्या मुहूर्तालाही नारळच असतो. आजी तो नारळ फोडत नाहीत, वाढवतात. त्यांची बांगडी फुटत नाही, वाढते. घरून निघताना त्या "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. जे आपलं आहे त्याच्या शेवटाला हात लावताना मराठी बाई शब्द असा अलगद उचलते. 'उठली' त्याच घरातला.

लांबण्याचे शब्द मात्र आपण राखून वापरत नाही. मालिका म्हणजे माळ. इंग्रजीतलं सीरीजही ओवणं-जोडणं या अर्थाच्या लॅटिन धातूतूनच आलेलं, तेव्हा दोन्ही भाषांनी सुरुवातीला एकच चित्र पाहिलं. पण माळ फार लांबली की आपण तिला चऱ्हाट म्हणतो. फुलांची जागा काथ्या घेतो. मग पाणी घालणं आलं, मारुतीचं शेपूट आलं. ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजारांहून जास्त भाग. नावात चार दिवस आणि संगत अकरा वर्षांची. आजींनी ती पहिल्यापासून पाहिली, आणि तिला कुणी चऱ्हाट म्हटलेलं त्यांना आजही खपत नाही. त्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या घरात दोन सुना आल्या, एक नातू शाळेत गेला. घरातलं आयुष्य तरी कुठं लवकर आटोपतं?

मग क्लिफहँगर. थॉमस हार्डीची 'अ पेअर ऑफ ब्ल्यू आईज' ही कादंबरी १८७२-७३ मध्ये एका इंग्रजी मासिकात हप्त्याहप्त्याने येत होती. तिच्यातला हेन्री नाइट कड्याला लोंबकळतो आणि हप्ता तिथंच संपतो. वाचकाने थांबायचं पुढच्या महिन्यापर्यंत. शब्द पुष्कळ नंतरचा, पण उदाहरण म्हणून या प्रसंगाकडेच बोट दाखवतात. पहाडावरच्या मुलांना कडा समजावा लागत नाही. त्यांना मी विचारलं की आपल्याकडे अशा वेळी काय टांगलं जातं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "जीव." जीव टांगणीला लागतो. इंग्रजीत पात्र लोंबकळतं, मराठीत बघणारा. उत्कंठा या संस्कृत शब्दातही कंठ बघणाऱ्याचाच आहे, मान वर करून वाट पाहणाऱ्याचा.

आणि त्या टांगणीवर आपली मासिकं काय छापत आली? क्रमशः. या शब्दाची मला अपार ओढ आहे. इंग्रजी 'टू बी कंटिन्यूड' हे वचन आहे, कुणीतरी पुढे चालवणार आहे असं ते सांगतं. क्रमशःमध्ये क्रियापद नाही, कर्ता नाही, काळही नाही. एकामागून एक, ओळीने, एवढंच. आणि शेवटी विसर्ग. विसर्ग म्हणजे सोडून देणं. पुढे आहे असं सांगणारा शब्द श्वास सोडून थांबतो, आणि ती दोन टिंबं पानाच्या तळाशी पुढच्या महिन्यापर्यंत तशीच राहतात. लहानपणी मला ती कुणाचे तरी मिटायचे राहिलेले डोळे वाटायची. त्याच्या उलट 'समाप्त'. त्यात आप् धातू आहे, मिळवणं. समाप्त म्हणजे पुरतं मिळालेलं. जाळीखाली गेलेली गोष्ट आणि पुरती हाती आलेली गोष्ट, दोन्ही थांबलेल्याच, पण एकमेकींपासून किती दूर!

हायेटस या शब्दाबद्दल थोडंच. मालिकेला मध्येच सुट्टी दिली की तो वापरतात, मुळात आ वासलेलं तोंड.

आता सीझन, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं. रिन्यू कराराचा, कॅन्सल लेखनिकाचा, हे शब्द कचेरीत वाढले. सीझन मात्र शेतातून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन सातिओ आहे, आणि सातिओ म्हणजे पेरणी. पेरायची वेळ ती सीझन. अमेरिकेतल्या स्टुडिओत बसून जे लोक तिसऱ्या सीझनचा हिशेब करतात, ते मुळात तिसऱ्या पेरणीची गोष्ट बोलत असतात. हे समजलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आमच्याच मुलखात पूर्वेला झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम आहे, वडसा त्याचं मुख्य ठाणं. तिथं दिवाळीनंतर, धान हाती येऊ लागलं की रात्ररात्र चालणारी नाटकं उभी राहतात. तिकडे शब्द पेरणीचा, इकडे खेळ कापणीचा.

मराठी वाहिन्या सीझनही म्हणतात आणि पर्वही. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली, २०१९ मध्ये तिचं दुसरं पर्व आलं आणि त्यात कथा मागे गेली, अण्णा आणि शेवंता या पात्रांच्या दिवसांत. पुढचं पर्व मागे जाऊ शकतं हे तेव्हा घराघरांत कळलं. पर्व म्हटलं की आपल्याला महाभारताची अठरा आठवतात. पण पर्वाचा पहिला अर्थ गाठ, सांधा. बोटाचा, उसाचा, बांबूचा. त्याच शब्दावरून मराठीत पेर झालं.

बाजारात कोलाम आदिवासी समाजातले एक बाबा टोपल्या घेऊन बसतात. त्यांना बांबू चिरताना मी बराच वेळ पाहिलं आहे. कोयता कांड्यातून सरळ सरकत जातो, पोकळीतून जावा तसा, आणि पेराशी आला की अडतो. तिथं ते हात थांबवतात, कोयत्याच्या पाठीवर एक ठोका देतात, आणि पुन्हा कामटी सुटत जाते. मी विचारलं, पेर नसतं तर काम सोपं झालं असतं ना? ते म्हणाले, पेर नसतं तर बांबू उभाच राहिला नसता. आतून पोकळ असलेली गोष्ट दर हातभर अंतरावर स्वतःला बांधून घेते आणि मग वर जाते. फांदी फुटते ती पेरावरच. उसाचा डोळाही पेरावरच असतो, लावायचं ते तेवढंच. आणि बांबूचा खरा शेवट म्हणजे फुलोरा. कित्येक वर्षांनी एकदाच तो फुलतो, बी धरतो आणि वाळतो. मालिकेच्या शेवटच्या भागासाठी वापरतात त्या इटालियन फिनाले या शब्दात इतकं काही नाही.

हे सगळं वर्गात एका दमात सांगितलं, जरा जास्तच बोललो. इंग्रजांचं सीझन पेरणीतून आलं, आपलं पर्व पेरातून. एक पेर बियाण्याचं, एक पेर बांबूचं. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी, पण मराठी तोंडात येताना दोन्ही त्याच अक्षरांवर येऊन टेकली. मुलं गप्प होती. मग मोबाइलवरची ती इंग्रजी ओळ मराठीत करायला दिली. बहुतेकांनी लिहिलं, शोचं तिसऱ्या सीझनसाठी नूतनीकरण झालं आहे. बरोबरच होतं. पण रिचार्जचा प्रश्न विचारणारी मुलगी वही पुढे करून म्हणाली, "सर, असं चालेल का?"

तिने लिहिलं होतं, 'सिरियलला तिसरं पेर आलं.'

मी तेच फळ्यावर लिहिलं.