दोर मोजला, कैदी राहिला

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा अद्भुतरम्य खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. आज दोह्यातली आपली काही मुलेही शुक्रवारच्या दुपारी त्यात रमलेली दिसतात. एकजण सूत्रधार, बाकीचे वीर. काय घडले ते वीस बाजूंच्या फाशाचे दान ठरवते. नियमांची पुस्तके चांगली जाडजूड आहेत. त्यांतल्या एकाच कलमाची इथे चिकित्सा करावयाची आहे: शत्रू जिवंत हाती लागला, तर त्याला बांधून कसे ठेवायचे?

२०१४ च्या पुस्तकात दोर तोडायला १७ चे दान लागते, बेड्या तोडायला किंवा त्यांतून निसटायला २० चे. पण बांधायचे कसे, याबद्दल अवाक्षर नाही. सुटण्याचा नियम आहे, बांधण्याचा नाही! २०१७ च्या पुरवणी पुस्तकाने ही उणीव छान भरून काढली. गाठ मारणाऱ्याने फासा टाकायचा. त्याचा जो आकडा येईल, तो कैद्याने गाठायचा. बांधणाऱ्याच्या हाताला किंमत आली. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने, शत्रू आधी पकडीत किंवा हतबल असल्याशिवाय त्याला दोराने बांधता येणार नाही, अशी रास्त अट घातली. मात्र दोरातून निसटण्याचा आकडा कायमचा १५ करून टाकला. गाठ मुरलेल्या खलाशाने मारो की शाळकरी पोराने, कैद्याला सारखेच.

आता थोडा हिशेब करू. खेळातली एक फेरी सुमारे सहा सेकंदांची, आणि दर फेरीला कैदी सुटकेचा प्रयत्न करू शकतो. अंगी विशेष कसब नसलेल्याला १५ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३० टक्के. मिनिटात दहा प्रयत्न होतात. दहाही फसण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के. म्हणजे बांधलेला साधा माणूस मिनिटभरात मोकळा! यातून हिशेबी खेळाडू काय शिकतो? कैदी ठेवणे परवडत नाही, मारून मोकळे व्हावे. मुले क्रूर नसतात. नियमच त्यांना तिकडे ढकलतो.

चूक आकड्यापेक्षा खोल आहे. नियमाने दोर मोजला. बांधलेल्याचे मन आणि राखणाऱ्याची जबाबदारी मोजलीच नाही. वाल्मीकी रामायणातल्या सुंदरकांडात इंद्रजित हनुमानाला ब्रह्मास्त्राने बांधतो. राक्षस उत्साहाच्या भरात वरून दोरही आवळतात, आणि ब्रह्मास्त्राचा बंध सुटतो, कारण त्याला दुसरा बंध चालत नाही. तरीही हनुमान बांधल्यासारखाच राहतो. त्याला रावणाला भेटायचे असते.

१६६६ साली आग्र्यात शिवाजी महाराजांभोवती दोर नव्हता, फौलादखानाचा पहारा होता. रामसिंहाने त्यांच्यासाठी जामीन दिला होता. महाराज निसटले, आणि बादशहाची इतराजी रामसिंहाला भोगावी लागली. जामिनाचा हा अर्थ इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. 'कफील' म्हणजे मुळात जामीनदारच. देशाबाहेर जाण्यासाठी मालकाची परवानगी लागण्याची अट कतारमध्ये २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी उठली, २०२० साली घरकामगारांसाठीही. नोकरी म्हणजे कैद नव्हे. परंतु माणूस कागदानेही अडतो, हे आपण जाणतो.

म्हणून सूत्रधारांना तीन सूचना. एक, परिस्थिती बदलल्याशिवाय (पहारेकरी डुलकी घेतो, धारदार दगड हाती लागतो) कैद्याला दुसरा प्रयत्न देऊ नये. दोन, सुटण्याचा आकडा २०१७ प्रमाणे बांधणाऱ्याने ठरवावा, आणि पहाऱ्यावर कोण जागणार, कैद्याला पाणी कोण देणार, हे आधी विचारावे. तीन, कैद्याला वचन देऊ द्यावे, कोणाला त्याचा जामीन राहू द्यावे. वचन मोडले तर जामिनाला त्याची झळ लागावी. यासाठी नवे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही.

पालकांनीही हा खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय म्हणून झटकून टाकू नये. रात्री जेवताना मुलांना एवढेच विचारावे: आज पकडलेल्या शत्रूचे तुम्ही काय केलेत?